एक टन चिपाड, शंभर किलो तेल

यीस्टचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात ‘नाइल रेड’ नावाच्या रंगाचा अंश मिसळायचा आणि निळ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. काही जातींच्या पेशींमध्ये सोनेरी-पिवळे गोळे लखलखताना दिसतात. हा रंग पाण्यात जवळजवळ चमकत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळला की चमकतो. अख्खी पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, आणि तिचा अर्ध्याहून अधिक भाग कधी कधी या गोळ्यांनीच भरलेला असतो. हे गोळे तेलाचे असतात. घडणीने हे तेल पामतेलाच्या बरंच जवळ जातं.

या तेलापासून डिझेल इंजिनात चालणारं इंधन करता येतं. ते साठवणाऱ्या यीस्टला उसाचं चिपाड, पऱ्हाट्या, पनीरचं पाणी, बायोडिझेल कारखान्यातलं कच्चं ग्लिसरीन अशा गोष्टींवर वाढवता येतं. ‘कचऱ्यापासून इंधन’ हे शब्द आपण पटकन जोडतो, पण त्यांच्यामधला रस्ता लांब आहे आणि सगळी मेहनत त्या रस्त्यावरच आहे. म्हणून या लेखात आपण एक टन चिपाड घेऊन तो रस्ता पायी चालणार आहोत आणि प्रत्येक मुक्कामावर किती उरलं ते मोजणार आहोत.

पावाचं यीस्ट आणि तेलाचं यीस्ट

पाव फुगवणारं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, साखर मिळाली की तिचं मद्य आणि कार्बन डायऑक्साइड करतं. तेल ते साठवतं, पण जेमतेम, आपल्या पेशीपडद्यांपुरतं आणि थोडं अधिक. ज्या यीस्टच्या कोरड्या वजनात २० टक्क्यांहून जास्त तेल साठतं, त्यांना तेलधारी यीस्ट म्हणतात. ज्ञात यीस्ट दीड हजाराच्या वर आहेत आणि त्यांतल्या मोजक्याच जाती या गटात बसतात. अनुकूल परिस्थितीत त्यांतल्या काहींचं तेल ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जातं. सोयाबीनच्या दाण्यात ते १८ ते २० टक्के असतं, हे शेजारी ठेवून पाहावं.

या जातींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. लायपोमायसिस स्टार्केयी मातीत राहतं. ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस गुलाबी-केशरी दिसतं, कारण तेलाबरोबर ते गाजरातल्या रंगाच्या कुळातली रंगद्रव्यंही बनवतं. कुटानिओट्रायकोस्पोरॉन ओलिआजिनोसस या लांबलचक नावाचं यीस्ट दुधातली साखर खातं. यारोविया लिपोलिटिकाला तेलकट जागा मानवतात. तिचा एक वाण मुंबईजवळच्या तेलाने दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यात सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात तो ३५८९ या क्रमांकाने जपलेला आहे. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या तेलापासून बायोडिझेल करता येईल का, याचा अभ्यास करून २०१२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ही कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीची समुद्रमार्गे नाकेबंदी झाली, चरबीची टंचाई पडली, आणि बर्लिनमध्ये पॉल लिंडनर यांनी चरबी साठवणाऱ्या यीस्टवर काम सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात तसेच प्रयत्न पुन्हा झाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठात चीजच्या उरलेल्या पाण्यावर तेलधारी यीस्ट वाढवण्याचे प्रयोग झाले. दर वेळी यीस्टने तेल दिलं, आणि दर वेळी बाजारात वनस्पती तेल स्वस्त झालं की काम मागे पडलं. हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा, कारण आजही मुख्य प्रश्न तोच आहे.

पहिला मुक्काम: चिपाडातली साखर सोडवणं

आपल्यासमोर पूर्ण वाळलेलं एक टन चिपाड आहे, कारखान्यात ज्याला बगॅस म्हणतात ते. रस केव्हाच निघून गेला आहे. तरीही या चोथ्याचा मोठा भाग साखरेचाच आहे, फक्त ती साखर साखळ्यांमध्ये बांधलेली आहे. ढोबळमानाने हजार किलोत ४०० किलो सेल्युलोज, २७० किलो हेमिसेल्युलोज आणि २२० किलो लिग्निन असतं. बाकी राख आणि किरकोळ पदार्थ. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब, सरळ, एकमेकींना चिकटलेल्या साखळ्या. हेमिसेल्युलोज आखूड आणि फांद्याफांद्यांचं, त्यात मुख्यत्वे झायलोज नावाची पाच कार्बनची साखर. चिक्कीत दाणे पाकात जसे घट्ट बसतात, तशा या साखळ्या लिग्निनमध्ये बसलेल्या असतात. ऊस उभा राहतो तो या बांधणीमुळे, आणि यीस्टला त्याचा चोथा खाता येत नाही तोही याच बांधणीमुळे.

ती सैल करायला दोन पायऱ्या लागतात. पहिली पूर्वप्रक्रिया. चिपाड एक टक्क्याच्या आसपासच्या सौम्य गंधकाम्लात भिजवून १५० ते १८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं शिजवतात. दुसरी पद्धत वाफेच्या स्फोटाची: बंद भांड्यात दाबाखाली वाफ कोंडायची आणि दाब एकदम सोडून द्यायचा. तंतूंमधलं पाणी क्षणात वाफ होतं आणि तंतू आतून उलतात. या पायरीवर हेमिसेल्युलोज बऱ्याच अंशी सुटून झायलोज पाण्यात येतं.

दुसरी पायरी विकरांची. सेल्युलोजच्या साखळ्या तोडणारं सेल्युलेज हे विकर ५० अंशाच्या आसपास दोन-तीन दिवस काम करतं आणि ग्लुकोज मोकळं करतं. हे विकर ज्या बुरशीकडून मिळतं ती ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजत होते, त्या कुजण्याचं कारण शोधताना ती सापडली. सैन्याचं नुकसान करणाऱ्या बुरशीवर आज जगभरातला सेल्युलेजचा उद्योग उभा आहे.

आता हिशेब. साखळी तुटताना प्रत्येक कडीला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, त्यामुळे ४०० किलो सेल्युलोजपासून कागदावर ४४४ किलो ग्लुकोज आणि २७० किलो हेमिसेल्युलोजपासून सुमारे ३०० किलो झायलोज मिळायला हवं. प्रत्यक्षात काही साखळ्या तुटत नाहीत, काही साखर उष्णतेने जळते. दोन तृतीयांश हाती लागलं तरी ते चांगलं काम मानावं. आपण ५०० किलो साखर धरू.

जी साखर जळते, ती नुसती वाया जात नाही, त्रासही देते. झायलोज तापलं की फरफ्युरल होतं, ग्लुकोजपासून त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल. हेमिसेल्युलोजमधून ॲसिटिक आम्ल सुटतं, लिग्निनमधून फिनॉलचे प्रकार. लिटरमध्ये एखाद-दोन ग्रॅम फरफ्युरल आलं तरी यीस्टची वाढ मंदावते. म्हणून या साखरपाण्याला चुन्याची किंवा कोळशाची प्रक्रिया देतात, नाहीतर यीस्टलाच पिढ्यानपिढ्या थोड्या थोड्या वाढत्या मात्रेत सरावाला लावतात.

हा पहिला मुक्काम आपल्या देशात आता प्रयोगशाळेबाहेर आला आहे. पानिपतला इंडियन ऑइलच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल होतं. त्याचं उद्घाटन ऑगस्ट २०२२मध्ये झालं आणि तिथलं तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. तिथे सोडवलेल्या साखरेचं मद्य होतं. आपल्याला तिचं तेल करायचं आहे.

दुसरा मुक्काम: साखर भरपूर, डाळ नाही

यीस्टला नुसती साखर दिली म्हणून तेल साठत नाही. एखाद्या घरात साखरेची पोती रचून ठेवली आहेत, पण डाळ मात्र संपली आहे अशी कल्पना करा. साखरेतून ऊर्जा मिळेल, पण अंग वाढायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नायट्रोजन. यीस्टची डाळ म्हणजे हा नायट्रोजन, अमोनियाच्या क्षारातून किंवा युरियातून दिलेला. तो मिळेपर्यंत पेशी वाढतात, दुभंगतात, एकीच्या दोन होतात. तो संपला की नव्या पेशी बनवणं थांबतं, पण साखर आत घेणं थांबत नाही. मग ही साखर ठेवायची कुठे? पावाचं यीस्ट तिचं मद्य करून बाहेर टाकतं. तेलधारी यीस्ट तेल करून आत ठेवतं.

पेशीच्या आत नेमकं काय घडतं, याचा उलगडा करण्यात इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाचे कॉलिन रॅटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. ती साखळी कडीकडीने पाहण्यासारखी आहे.

नायट्रोजन संपला की पेशी घरातलेच डबे झाडायला लागते. एएमपी नावाच्या एका लहान रेणूत थोडा नायट्रोजन असतो. एक विकर त्याला तोडून तो अमोनियाच्या रूपात मोकळा करतं, आणि पेशीतलं एएमपी झपाट्याने घटतं. आता मायटोकॉन्ड्रिया या पेशीच्या भट्टीत साखरेचे तुकडे एका चक्रात फिरत जळत असतात. तेलधारी यीस्टमध्ये त्या चक्रातलं एक विकर एएमपीच्या आधारावर चालतं. एएमपी घटलं की ते थबकतं, चक्र तिथे अडतं आणि त्याच्या मागे सायट्रिक आम्ल तुंबत जातं. लिंबाला आंबटपणा देणारं तेच हे आम्ल. तुंबलेलं सायट्रेट भट्टीच्या भिंतीतून बाहेर पेशीद्रवात येतं.

तिथे खरा फरक दिसतो. तेलधारी यीस्टपाशी एटीपी-सायट्रेट लायेज नावाचं विकर असतं. ते सायट्रेटचे दोन तुकडे करतं आणि त्यांतला एक, ॲसिटिल-कोए, हा चरबी विणण्याचा मूळ धागा असतो. पावाच्या यीस्टकडे हे विकर नाही. दोन-दोन कार्बनचे धागे जोडत सोळा किंवा अठरा कार्बनांच्या लांब साखळ्या तयार होतात. प्रत्येक जोडणीला हायड्रोजन पुरवणारा एनएडीपीएच हा रेणू लागतो, आणि तो तयार करायलाही साखरच खर्ची पडते. शेवटी अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलच्या कण्याला बसवल्या की तेलाचा एक रेणू पुरा होतो. असे रेणू जमून तो चमकणारा गोळा बनतो.

म्हणून या धंद्यात कार्बन आणि नायट्रोजन यांच्या प्रमाणाला सगळ्यात जास्त महत्त्व. पेशी वाढवायच्या तर नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे दहाएक भाग पुरतात. तेल हवं असेल तर ते प्रमाण तीस, पन्नास, कधी शंभरावर नेतात. डाळ अगदीच कमी पडली तर पेशीच थोड्या होतात. त्या तेलाने टच्च भरल्या तरी टाकीत एकूण तेल कमीच निघतं. डाळ जास्त झाली तर पेशी उदंड, पण कोरड्या. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हे प्रत्येक यीस्टसाठी आणि प्रत्येक कचऱ्यासाठी पुन्हा करावं लागणारं काम आहे.

आपल्या ५०० किलो साखरेचं काय होतं? आदर्श हिशेबात साधारण २०० किलो साखर पेशींचं अंग वाढवण्यात जाते, आणि तिच्यापासून तेल सोडून १०० किलो पेशी मिळतात. उरलेली ३०० किलो तेलाकडे वळते. रसायनशास्त्राच्या नियमाने एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त एक तृतीयांश किलोच्या आत-बाहेर तेल होऊ शकतं, म्हणजे १०० किलो तेल. एकंदरीत पाच किलो साखरेला एक किलो तेल. चांगले प्रयोग या आकड्याच्या आसपास येऊन थांबतात.

झायलोजच्या बाबतीत तर या यीस्टचं कौतुकच करावंसं वाटतं. पावाचं किंवा दारूचं यीस्ट मुळात झायलोज खात नाही, त्याच्या जनुकांत बदल केल्याशिवाय चिपाडातली ती साखर वाया जाते. तेलधारी यीस्टपैकी अनेक जाती ग्लुकोज संपलं की आपसूक झायलोजकडे वळतात, आणि काही तर दोन्ही एकदम खातात.

तिसरा मुक्काम: टाकीतले पाच दिवस

टाकी पोलादी, आत फिरणारी पाती, तळाशी हवेची नळी, बाहेरून थंड पाण्याचं वेटाळं. साखरपाणी निर्जंतुक करून त्यात यीस्टचं विरजण सोडतात, टाकीच्या पाच ते दहा टक्के. तापमान २८ ते ३० अंश, किंचित आंबटपणा. पहिला दिवस-दीड दिवस पेशी वाढतात. मग नायट्रोजन संपतो आणि पुढचे तीन-चार दिवस तेलाचे.

मद्याच्या टाकीला हवा लागत नाही, म्हणून ती स्वस्तात चालते. तेलधारी यीस्टला मात्र पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत प्राणवायू लागतो. तीस अंशाच्या पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो, आणि दाट वाढलेल्या पेशी तो क्षणात शोषतात. तेव्हा हवा सतत फुंकत राहायची आणि पाती फिरवत राहायची. त्यातून फेस येतो, तो आवरावा लागतो. पेशींच्या श्वसनाने टाकी तापते, ती निववावी लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठीचं पाणीच कोमट असतं. विजेचं बिल वाढतं ते इथे.

थांबायचं केव्हा, याचंही एक गणित असतं. साखर संपली की यीस्ट साठवलेलं तेल स्वतःच खायला सुरुवात करतं. त्याने ते जमवलेलंच असतं अडचणीच्या दिवसांसाठी. म्हणून साखर शेवटाला येता येता टाकी रिकामी करायला हवी. रात्रभर उशीर झाला तर तेवढं तेल कमी होतं.

साखर एकदम न घालता हप्त्याहप्त्याने दिली तर टाकीत किती दाटी करता येते, याचं एक उदाहरण सांगतो. चीनमधल्या दालियन इथल्या संशोधकांनी २००७मध्ये पंधरा लिटरच्या टाकीत ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस वाढवून लिटरमागे १०६.५ ग्रॅम कोरड्या वजनाच्या पेशी मिळवल्या, आणि त्यांत ६७.५ टक्के तेल होतं. तिथे खाद्य शुद्ध ग्लुकोजचं होतं. चिपाडाचं पाणी इतकं दाट आणि इतकं स्वच्छ मिळत नाही. आपण त्या बेताने जाऊ आणि दहा हजार लिटर पाण्यात २०० किलो कोरड्या वजनाचं यीस्ट धरू. त्यातलं अर्धं तेल.

चौथा मुक्काम: पेशी फोडणं

सोयाबीन घाण्यात दाबता येतं. यीस्ट येत नाही. पेशीची भिंत ग्लुकन, मॅनन आणि कायटिन यांची, वजनाच्या मानाने अतिशय चिवट. शिवाय पेशी पाण्यात तरंगते आहे, तेही पन्नास लिटरमागे एक किलो या हिशेबाने.

आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी वेगळं करतात. खाली उरते ती लोण्यासारखी लगदी. तिच्यात घन भाग जेमतेम २० टक्के, म्हणजे आपल्या २०० किलो यीस्टची लगदी एक टन भरते आणि तिच्यात ८०० किलो पाणी असतं. प्रयोगशाळेत ती वाळवतात आणि हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल ओढून घेतात. प्रयोगशाळेत ते ठीक आहे. मोठ्या प्रमाणावर काय होतं ते पाहू. एक किलो पाण्याची वाफ करायला निदान २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. ८०० किलोंना सुमारे १८०० मेगाज्यूल. आणि शेवटी हाती येणाऱ्या १०० किलो बायोडिझेलमध्ये ऊर्जा किती? साधारण ३७५० मेगाज्यूल. नुसतं यीस्ट वाळवण्यातच जवळजवळ निम्मी ऊर्जा जाते, आणि खरं वाळवणी यंत्र याहूनही जास्त खातं.

म्हणून ओल्या लगदीतूनच तेल काढण्याच्या पद्धतींवर आज एवढा भर आहे. लगदी प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलतात, म्हणजे भिंती फाटतात. किंवा बारीक मण्यांच्या चक्कीत दळतात. किंवा सौम्य आम्लात शिजवून, भिंत पचवणाऱ्या विकरांनी नरम करून घेतात.

उष्णता लागतेच, तर ती आणायची कुठून? इथे साखर कारखान्याचा जुना शहाणपणा उपयोगी पडतो. उसाचं चिपाड जाळूनच उसाचा रस आटवतात. आपल्या एक टन चिपाडातलं २२० किलो लिग्निन आणि न सुटलेला तंतू अजून बाजूला पडला आहे. लिग्निनच्या किलोत साधारण २५ मेगाज्यूल धरले तर ५५०० मेगाज्यूल होतात. ते बॉयलरमध्ये गेलं तर वाफेचा बराच भार निघतो. ज्या कारखान्यात चिपाड येतं, तिथेच तेल बनलं तर हे जमतं. दोन गावांत वाटून जमत नाही.

पाचवा मुक्काम: तेलाचं डिझेल

तेल थेट डिझेल इंजिनात घातलं तर ते घट्टपणामुळे नोझलमधून नीट फवारलं जात नाही आणि काजळी धरते. एका मोठ्या रेणूचे तीन लहान रेणू केले की हा दोष जातो. तेल ६० अंशाच्या आसपास तापवून त्यात मिथेनॉल आणि थोडा सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ढवळतात. तेलाच्या तीन साखळ्या ग्लिसरॉलचा कणा सोडून मिथेनॉलला जोडल्या जातात. १०० किलो तेल आणि ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरॉल होतं. मिश्रण शांत ठेवलं की ग्लिसरॉल तळाशी बसतं आणि वर सोनेरी बायोडिझेल.

एक पथ्य पाळावं लागतं. तेलातल्या साखळ्या सुट्या झाल्या असतील, तर अल्कलीबरोबर त्यांचा साबण होतो आणि सगळं मिश्रण फेसाळून थर वेगळे होत नाहीत. यीस्टच्या पेशी फोडल्यावर त्यांचीच विकरं तेलाला लागतात आणि असं घडतं. मग आधी आम्लाच्या साहाय्याने त्या सुट्या साखळ्या मिथेनॉलला बांधून घ्यायच्या आणि नंतरच अल्कली वापरायची.

यीस्टच्या तेलात बहुतेक वेळा ओलिक आम्ल सर्वांत जास्त, त्याखालोखाल पामिटिक. अशा घडणीचं बायोडिझेल चटकन पेट घेतं आणि साठवणीत टिकतं, पण पामिटिक आणि स्टिअरिक यांचा वाटा वाढला की थंडीत गढुळतं. भारतात विकायचं तर ते आयएस १५६०७ या मानकाला उतरावं लागतं.

आणि ते १० किलो ग्लिसरॉल? बायोडिझेल कारखान्यांपुढे कच्च्या ग्लिसरीनचे पिंपच्या पिंप साठतात. त्यात मिथेनॉल, साबण, क्षार मिसळलेले, म्हणून औषधांना किंवा सौंदर्यप्रसाधनांना ते चालत नाही. तेलधारी यीस्ट मात्र ते आवडीने खातं. ते पुन्हा टाकीत गेलं की आणखी दोनेक किलो तेल मिळतं. प्रमाण लहान, पण विल्हेवाटीचा खर्च वाचतो तो वेगळा.

कचरा कोणाचा

एक टन चिपाडापासून १०० किलो बायोडिझेल, म्हणजे साधारण ११३ लिटर. तेवढ्याच ५०० किलो साखरेचं इथेनॉल केलं तर जवळपास २९० लिटर मिळतं, आणि त्यातली ऊर्जाही बायोडिझेलपेक्षा जास्त भरते. मग तेलाच्या मागे का लागायचं? कारण ट्रक, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी इथेनॉलवर सहज चालत नाहीत. आपली अवजड वाहतूक आणि शेती डिझेलवर उभी आहे. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं. इथेनॉलची गाडी वेगाने पुढे गेली, बायोडिझेलची एक टक्काही गाठताना अडते, कारण तेलच नाही. खाद्यतेलाची अर्ध्याहून अधिक गरज आपण आयातीने भागवतो, ते इंधनात घालणं शहाणपणाचं नाही. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावून तेल काढायची मोहीम शतकाच्या सुरुवातीला मोठ्या आशेने सुरू झाली आणि उत्पन्नाअभावी विझली. जमीन न मागणारं तेल हवं आहे, आणि यीस्ट जमीन मागत नाही.

ते साखर मात्र मागतं. साखरपाण्यातली साखर किलोमागे २० रुपयांना पडली तर एक किलो तेलात १०० रुपयांची साखरच गेली. हवा, विकरं, द्रावक, मजुरी यांच्या आधीच. म्हणून खाद्य जवळजवळ फुकट हवं, आणि ‘फुकट’ या शब्दाची नीट चौकशी करायला हवी. चिपाड आपण उदाहरणासाठी घेतलं, पण आपल्या साखर कारखान्यांत ते वायाच जातं असं नाही. बॉयलर त्यावरच चालतात, सहवीजनिर्मिती होते. त्याला गिऱ्हाईक आहे. खरा बेवारस माल शेतात पेटवलं जाणारं उसाचं पाचट आहे. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचून झाल्यावर उपटून बांधावर जाळलेल्या पऱ्हाट्या आहेत. पण त्या विखुरलेल्या, हलक्या आणि जागा खाणाऱ्या. गोळा करून आणण्याचा खर्च तेलाच्या किमतीत मिसळतो.

ओला कचरा या बाबतीत उजवा ठरतो. चीज किंवा पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज असतं. ते नाल्यात गेलं तर सांडपाण्याच्या कित्येक पटींनी प्राणवायू ओढून पाण्यातले जीव गुदमरवतं. या साखरेला साखळ्यांतून सोडवावं लागत नाही: आम्ल नाही, विकरं नाहीत, फरफ्युरल नाही. पाण्यातली प्रथिनं गाळून आधी काढून घेतली, तर नायट्रोजन आपसूक कमी होतो आणि प्रथिनांना वेगळी किंमत मिळते. हजार लिटरमधून फार तर दहाएक किलो तेल निघेल, पण दूषित पाणी स्वच्छ करण्याचं काम त्यातच होऊन जातं. तोच न्याय फळप्रक्रियेच्या सांडपाण्याला आणि साबुदाणा-स्टार्चच्या कारखान्यांना. हॉटेलांतलं वापरलेलं तळणाचं तेल थेट बायोडिझेलला जावं हे उत्तम. जे फार खराब झालं आहे, त्यावर यारोविया वाढते आणि ते आपल्या तेलात बदलून घेते.

बाहेरच्या जगात या यीस्टला सध्या इंधनाआधी दुसरी वाट मिळाली आहे. न्यूयॉर्कच्या सी-१६ बायोसायन्सेस या कंपनीने यीस्टचं तेल पामतेलाऐवजी सौंदर्यप्रसाधनांत आणलं. स्वीडनमध्ये ते माशांच्या खाद्यात घालून पाहिलं गेलं. किलोला जास्त भाव मिळतो तिथे तंत्र आधी रुजतं, यात वाईट काही नाही. पाती, टाक्या, पेशी फोडण्याची यंत्रं यांचा खर्च तिथेच उतरेल. तेल काढल्यावर उरलेल्या १०० किलो पेशींमध्ये प्रथिनं असतात. खाद्य स्वच्छ असेल तर ती पशुखाद्यात जातील, नाहीतर बायोगॅसला.

आपला एक टनाचा प्रवास मागे वळून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. यीस्टने आपलं काम चोख केलं. पाच किलोला एक किलो, याहून त्याच्याकडून फारसं जास्त मागता येणार नाही, कारण ती मर्यादा रसायनशास्त्राने घातली आहे. हजारातले पाचशे किलो गेले ते साखर सुटण्याआधी, ऊर्जा गेली ती हवा फुंकण्यात आणि पाणी उडवण्यात, आणि पैसा गेला कचरा वाहून आणण्यात. हे चारही खर्च माणसाच्या हातातले आहेत. पनीरचा कारखाना, बायोडिझेलचा कारखाना आणि वाफ देणारा साखर कारखाना हे तिन्ही एकाच तालुक्यात असलेल्या किती जागा आपल्याकडे आहेत, ते मोजून पाहायला हवं. सोनेरी गोळ्यांनी भरलेली ती पेशी पहिली टाकी मागेल ती अशाच एखाद्या ठिकाणी.